खारट सूप

पंजाबीपासून इटालियनपर्यंत सगळं मिळणाऱ्या हॉटेलात गौरीनं आईवडिलांना हौसेनं जेवायला आणलं होतं. पण नूडल्स गार होत्या, पनीरची भाजी नुसती गोड आणि रोटी चिवट.

"चुकलंच माझं," ती आईला म्हणाली.

कुमुदताईंचं लक्ष नवऱ्याकडे होतं. घशाच्या कॅन्सरवर रेडिएशन घेतल्यापासून आठ महिने भालचंद्ररावांच्या जिभेला कशाचीच चव कळत नव्हती. एकेकाळी आमटीत चिमूटभर गूळ कमी पडला तरी कुरकुरणारा हा माणूस हल्ली पुढ्यात येईल ते मुकाट्यानं गिळायचा. चव परत येईलच, असं डॉक्टरही सांगत नव्हते.

भालचंद्ररावांनी सूपचा चमचा तोंडात घातला आणि ते थांबले. पुन्हा एक चमचा घेतला.

"खारट आहे," ते हळूच म्हणाले.

कुमुदताईंनी वाडगा ओढून सूप चाखलं. ते खरंच खारट होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तसा वेटर घाबरून धावत आला. "बदलून देतो, काका."

"हात लावू नका," म्हणत भालचंद्ररावांनी वाडगा स्वतःकडे घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत सूप संपवलं. मग मिशा पुसून ते वेटरला म्हणाले, "आता सांगा, तुमच्याकडे सगळ्यात तिखट काय आहे?"