मागचं पॅडल

क्रँक घट्ट बसला आणि दोघं हसतखेळत कामावर पोचली. हे वाचलं असेल तर विसरून जा. तसं काही झालंच नाही. दोघं अजून चढाच्या मध्यावरच उभी आहेत. जोडसायकल फुटपाथवर आडवी पडली आहे आणि मागच्या सीटवाल्याचा, म्हणजे नवऱ्याचा, डावा क्रँक, पॅडलचा तो दांडा, पॅडलसकट गटाराच्या जाळीवर जाऊन पडला आहे.

पुढच्या सीटवर बायको असायची. क्रँक गळाल्याचा तिला पत्ताच नव्हता, कारण सायकलचा वेग तसूभरही कमी झाला नाही. नवरा ओरडला म्हणून ती थांबली.

तिनं क्रँक उचलून आणला, फुंकर मारली आणि त्याचं चौकोनी भोक डोळ्याशी धरलं.

"ह्याचा नट कुठाय?"

"घरी. सायकल जोडताना एक उरला होता. म्हटलं, जास्तीचा दिला असेल."

"म्हणजे इतकी वर्षं हा नुसता अडकवलेला?"

"टिकला की नाही पण!" नवऱ्याला अभिमान वाटला.

"अरे, सैल क्रँकवर जोर दिला तर महिन्याभरात भोक झिजून गोल होतं. ह्याचे कोपरे बोटाला टोचतायत."

नवऱ्यानं बराच विचार केला. "मी उजव्या पायानं मारायचो."

ती वळसा घालून उजवीकडे गेली. उजव्या पॅडलवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. 'वापरण्यापूर्वी काढावी.' अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

काल संध्याकाळीही "चढानं जीव काढला गं" म्हणत तो पलंगावर पडला होता. तिनं तेल कोमट करून त्याच्या पोटऱ्या चेपल्या होत्या. "तू मागून रेटतोस म्हणून तर जमतं रे," असंही म्हणाली होती. तो डोळे मिटून "हं" म्हणाला होता.

तिनं क्रँक जागेवर लावला आणि चपलेनं दोन ठोके दिले.

"राहील ना?" नवऱ्यानं विचारलं.

"तुझ्या पायाखाली? जन्मभर."

"हे बघ, तुझी काही तक्रार असेल तर..." तो कचेरीत आवक-जावक बघायचा. घरात नळ गळला तरी त्याचं उत्तर ठरलेलं. "लेखी दे, बघतो."

"काढ पेन," ती म्हणाली. "विषय, चढ परत मिळण्याबाबत. महोदय, आजवरचे सर्व चढ, पोटऱ्या चेपण्याच्या वेळेसह, अर्जदारास परत करण्यात यावेत, ही नम्र विनंती."