सील उभा राहत नाही

“ऊठ! अरे, ऊठ म्हणतो ना!”

संताजीची छडी पुन्हा जनावराच्या पाठीवर बसली. सील पोटावर फरफटत हातभर सरकला आणि तिथेच पडून राहिला. परदेशीपुऱ्याच्या मैदानात सर्कशीचा तंबू लागून बावीस दिवस झाले होते. बावीस दिवस रोज दुपारी तालीम, आणि रोज हाच तमाशा. आधीचा सील पुढच्या पायांवर ताठ उभा राहायचा, नाकावर चेंडू तोलायचा, रिंगणभर चालायचा. तो मेला म्हणून मालकांनी, दौलतरावांनी, हा मुंबईहून आणला. हा नुसता लोळायचा. डोळ्यांतून पाणी गाळायचा. संताजीला ते ढोंग वाटायचं. चार माणसांत माझी फजिती करायची म्हणूनच अडून बसतो मुजोर!

“आधीचा उभा राहायचा, मग तुला काय धाड भरली?” त्याने छडी उगारली.

“अहो भिया, बंद करा हे!”

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या इंदुमतीबाई विद्यार्थिनींना जनावरं दाखवायला आल्या होत्या. त्या तडक रिंगणात शिरल्या. रागाने त्यांचा आवाज कापत होता.

“आधीच्याला बाहेर कान होते?”

“होते. इवलेसे.”

“आता याचे दाखवा बरं.”

संताजी वाकला. कानांच्या जागी नुसती भोकं होती.

“तो सी-लायन होता. त्याचे मागचे पाय पोटाखाली वळतात, म्हणून तो चालतो. हा खरा सील. याचे वळतच नाहीत. जमिनीवर हा असाच सरपटणार. जान घेतलीत तरी उभा नाही राहणार!”

संताजी सीलच्या पाठीवरचे वळ बघत राहिला. ओळीने उठले होते, काही जुने, काही आत्ताचे. मग तो तरातरा मालकाच्या राहुटीत गेला.

“मालक, हा आधीच्यासारखा नाहीच! याला उभं राहताच येत नाही. तुम्हाला कुणीतरी फसवलं!”

दौलतराव पान लावत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

“फसवलं कुठलं? बंदरावरच सांगितलं होतं मला. म्हटलं, मार खाऊन शिकेलही.”

“मग मला का नाही बोललात?”

“तुला सांगितलं असतं, तर तुझा हात उठला असता का?”

“नसता,” संताजी म्हणाला, आणि त्याचा हात उठला.