हिरव्या सदऱ्यातली सातवी

आइस हॉकीची ती टणक चकती थेट घोट्यावर बसली आणि जोआना बर्फावर आडवी झाली. दोघींनी तिला खांद्याचा आधार देऊन बाहेर आणलं. ती रडत नव्हती, शिव्या घालत होती, म्हणजे फार काळजीचं नव्हतं. पण आज ती परत उतरणार नाही हे उघड होतं.

कोच वेंडी कार्वोनेननं बाकावरच्या पोरी मोजल्या. बचावाला सहा पोरी लागतात, दोन-दोनच्या तीन जोड्या. एक जोडी मिनिटभर जीव खाऊन धावते, तोवर बाकीच्या बाकावर दम खातात. सहातली एक सकाळपासून तापानं फणफणली होती, म्हणून आज वेंडी पाच जणींवरच रेटत होती. आता राहिल्या चार, आणि चौघींच्या जिभा बाहेर आलेल्या. दोन-दोन अशी बरोबरी, शेवटचा डाव संपत आलेला. जिंकलं तर कॉलेज अंतिम फेरीत, हरलं तर हंगाम इथंच आटोपला. आणि समोर कोण, तर पुलापलीकडच्या कॉलेजच्या! त्यांच्याकडून हरल्यावर गावात पेस्टी, म्हणजे ती खिमा-बटाट्याची करंजी, आणायला जायचीसुद्धा सोय राहत नाही. दुकानदार गरम पेस्टीबरोबर चार गरम शब्द फुकट देतो.

बाकाच्या टोकाला कायसा नीमेला बसली होती. संघातली सातवी बचावपटू. कॉलेजचं चौथं वर्ष, आणि चार वर्षांत एकही सामना नाही. दर सामन्याला काळा कोट घालून वर प्रेक्षकांत बसायची आणि घसा बसेपर्यंत ओरडायची. आज कुणाच्या तरी तापाच्या कृपेनं तिला पोशाख मिळाला होता, पण वेंडीनं तिला अजून बर्फावर सोडलं नव्हतं. हेल्मेटचा पट्टा तिनं पहिल्या डावापासून बांधून ठेवलेला. अंगावर घामाचा थेंब नाही.

वेंडीला पोरगी आवडायची. ती कुणाला आवडत नव्हती? पण भरवसा कसा ठेवायचा? चार वर्षं हिनं सराव केला तोही विरुद्ध बाजूनं. येणाऱ्या पाहुण्या संघाचं सोंग सातवीनं घ्यायचं, हा इथला शिरस्ता. या आठवड्यात हिरवा सदरा होता, पाठीवर एकोणीस. बुधवारी तर तिनं बचावातल्या ग्रेटाला इतकं नाचवलं की ग्रेटा वैतागून ओरडली, "अगं ए, उजवीकडे बघतेस नि डावीकडून पळतेस, लबाड कुठली! तू आमची आहेस की त्यांची?" सगळ्या खो खो हसल्या. वेंडीही हसली होती. आता तिला हसू येत नव्हतं. जी कायम पलीकडून खेळली, तिला आपल्या बचावाची घडी येणार तरी कुठून?

"कोच," कायसा म्हणाली, "चार वर्षं स्केट्सना धार लावतेय. पाती झिजत आली, त्यांना सामन्याचा बर्फ काही दिसेना."

"मस्करी सुचतेय तुला?"

"मस्करी नाही, कोच. हे माझं शेवटचं वर्ष आहे. सोडा ना मला."

वेंडीनं ग्रेटाकडे पाहिलं. ती स्टिकवर ओणवी होऊन धापा टाकत होती. इलाजच नव्हता.

"जा. पण माझे आई, मधली जागा सोडू नकोस. तिथं शहाणपणा नको!"

कायसा कठड्यावरून अशी उडी मारून गेली की वेंडीला पुढचं बोलताच आलं नाही.

दोन-तीन फेऱ्या बऱ्या गेल्या. वेंडीचा जीव जरा भांड्यात पडतोय तोच मधल्या रेषेवर चकती निसटली आणि मॅडिगनच्या हाती लागली. पाहुण्यांची एकोणीस नंबरची रोझली मॅडिगन. आजचे त्यांचे दोन्ही गोल तिचेच. ग्रेटा पुढेच अडकलेली. मॅडिगन आणि गोलरक्षक यांच्यामध्ये एकटी कायसा.

मॅडिगननं उजवीकडे पाहिलं. अख्ख्या गॅलरीनं उजवीकडे पाहिलं. आणि कायसानं मधली जागा सोडली नि ती सरळ उलट्या बाजूच्या, रिकाम्या कठड्याकडे सुटली.

"मेले!" वेंडीनं कपाळावर हात मारला. "अगं मधे! मधे थांब!"

मॅडिगन डावीकडे वळली ती थेट कायसाच्या पुढ्यात. लहान मुलाच्या हातातली वाटी काढून घ्यावी तशी कायसानं चकती काढून घेतली आणि लांबवर ग्रेटाकडे ढकलली. थकलेल्या ग्रेटाच्या पायांत कुठून बळ आलं कोण जाणे. चकती जाळ्यात गेली, आणि नंतरची काही सेकंदं घड्याळाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

भोंगा वाजला तेव्हा जोआना एका पायावर नाचत होती. ग्रेटानं कायसाला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी धाडकन पडल्या, मग त्यांच्यावर अख्खा संघ पडला. वेंडीला रडू आवरेना. तिनं ते आवरलंही नाही.

मग रिवाजाप्रमाणे दोन्ही संघ हात मिळवायला रांगेत आले. कायसा रांगेत शेवटची, तिच्या पाठीमागे वेंडी. मॅडिगनचे डोळे लाल झाले होते, पण कायसाचा हात तिनं सोडला नाही.

"तू कोण गं? आपण आधी खेळलोय का कधी?"

"छे, मी तर आजच पहिल्यांदा खेळले."

"मग मी डावीकडे वळणार हे तुला कसं कळलं? आमच्या कोचलासुद्धा कळत नाही!"

कायसा हसली.

"अगं, सोमवारपासून रोज मी तूच तर होते!"