उजवा पाय

“काका, खड्डा डावीकडे असला की डावा पाय बाहेर, उजवीकडे असला की उजवा. पुढच्यानं काढला की तुम्ही काढायचा, मग तुमच्या मागचा काढतो. हा निरोप मध्ये तुटता कामा नये,” मोटारसायकल ग्रुपचा कॅप्टन म्हणाला.

सुतारानं मान डोलावली. त्याला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. गेल्या वर्षी ह्याच ग्रुपबरोबर जाताना, ह्याच रस्त्यावर खड्ड्यात आपटून त्याचा एकुलता एक मुलगा गेला होता. त्याच्या पुढे होता केमिस्ट. त्या शहाण्यानं पाय काढलाच नाही. “ध्यानात आलं नाही हो,” म्हणत घरी येऊन ढसाढसा रडला आणि पाणी पिऊन गेला. झालं, विषय संपला! सुताराचा मात्र संपला नव्हता. साठीला टेकलेला माणूस रंधा बाजूला ठेवून पोराच्या मोटारसायकलवर हात बसवत राहिला, तो काय हौस म्हणून?

सगळ्यांना वाटलं, पोराच्या आठवणीसाठी आलाय. सुनेलाही तसंच वाटलं. तीही आली होती, पण मागच्या सामानाच्या जीपमधून. मोटारसायकल ती झकास चालवायची, नवऱ्यानंच शिकवलेली. सासऱ्यानं मात्र साफ सांगून टाकलं होतं, “तू जीपमध्येच बसायचं. घरातलं एक माणूस गेलं तेवढं पुरे.”

“मग तुम्ही तरी जपून चालवा, बाबा,” ती म्हणाली होती.

रांग लागली तेव्हा केमिस्ट आपण होऊन त्याच्या मागे आला. ग्रुपचं काळं जाकीट आणि लाल हेल्मेट. अख्ख्या रांगेत लाल तेवढं एकच.

“काका, ह्या वेळी मी तुमच्या मागे. नजर ठेवतो.”

“ठेवा की,” सुतार म्हणाला. आयताच आलास, असं मनात म्हणाला.

घाटाच्या पायथ्याशी सगळे थांबले. सुतार तोंड धुवायला नळावर गेला. तोंड धुऊन झाल्यावरही तिथेच बसून राहिला. शिट्टी वाजली तसा धावतपळत येऊन गाडीवर बसला. आरशात पाहिलं. लाल हेल्मेट हजर होतं. आरशात एक अंगठा वर झाला. त्यानंही अंगठा दाखवला.

वळणं सुरू झाली. पुढे पाय बाहेर येत होते, डावे, उजवे. सुतारही इमानानं काढत होता. हवा तसा खड्डा मिळत नव्हता. लाल हेल्मेट विश्वासानं जवळ सरकलं होतं.

मग पुढच्याचा उजवा पाय बाहेर आला, चांगला लांबवर. गुडघाभर खड्डा, आणि शेजारचा कठडा तुटलेला. करायचं काहीच नव्हतं. एक पाय जागेवर ठेवायचा होता, बस्स. पोराचा चेहरा डोळ्यांपुढे आला. सुतारानं दात आवळले आणि पाय जागेवर ठेवला.

मागे धाडकन आवाज झाला. मग पत्रा दगडावर घासत खाली गेल्याचा. मग काहीच नाही.

सुतार सावकाश थांबला. आता आपणही म्हणायचं, ध्यानात आलं नाही हो. त्याला रडू येत होतं आणि वर्षभरात पहिल्यांदा बरंही वाटत होतं.

सामानाची जीप करकचून थांबली. दार उघडून केमिस्ट बोडक्या डोक्यानं धावत आला.

“काका, त्याच्या वाटेनं एकदा जाऊ द्या म्हणून पोरीनं फार गळ घातली हो...”