तळाला टेकलेली रेघ

"तुझं ते अक्षरं मोठी करणारं प्लगइन माझ्या खटारा कॉम्प्युटरवर अजून चालतंय हं! तुमच्या कंपनीला म्हाताऱ्यांची कदर दिसते," बाबा फोनवर हसत म्हणाले. "योगायोग हो, बाबा," म्हणत लेकीने घाईत फोन ठेवला. ऑफिसात ब्राउझरच्या जुन्या आवृत्त्यांसाठीचा प्लगइनचा सपोर्ट काढायचा विषय निघाला, की ती एकटीच भांडायची; कुणासाठी, हे तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच रात्री बाबा झोपेतच गेले. पुढच्या बैठकीत साहेबांनी वापराचा आलेख दाखवला. सगळ्यात जुन्या आवृत्तीची रेघ तळाला टेकली होती. "वापरणारं कुणीच उरलं नाही. आता तरी हट्ट सोड, बाई!" तिने सोडला. संध्याकाळी बाबांच्या घरी तिने तो खटारा सुरू केला. अर्धवट वाचलेली बातमी मोठ्या अक्षरांत उघडली. रिकाम्या खुर्चीकडे वळून ती म्हणाली, "योगायोग नव्हता, बाबा. तुमच्यासाठीच भांडत होते मी."