खांबाची बदली

शिट्टी वाजली आणि खांब गुडघा धरून कोसळला. "आई गं!"

खांब म्हणजे लाल बास्केटबॉल संघातला सगळ्यांत उंच पोरगा. समोरच्या खेळाडूने त्याला धक्का मारला होता, म्हणून दोन फ्री थ्रो, म्हणजे रेषेवरून विनाअडथळा नेम, त्यालाच मारायचे होते. लाल संघ एका गुणाने मागे, आणि घड्याळात जेमतेम श्वासभर वेळ!

पंचबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फ्री थ्रो म्हटलं की या पोराचे हातपाय लटपटतात, हे जगजाहीर होतं. आणि नियम असा, की खेळाडू जखमी झाला तर बदली येणाराच ते मारतो. या नाटकाला त्या यंदा दोनदा फसल्या होत्या. आज वर गॅलरीत पंचांचे निरीक्षक बसलेले. पुन्हा फसलं, की उद्याचा अंतिम सामना विसरायचा. किती वर्षं वाट पाहिली होती त्यांनी त्या सामन्याची!

"बदली!" लाल संघाचा कोच टेबलाशी थयथयाट करत होता. "माझा नेमबाज तयार आहे, ताई!"

नेमबाज, संघाचा हुकमी एक्का. आज अर्धा खेळ झाल्यावर धापा टाकत उगवला होता आणि बाकाच्या टोकाला बसून होता. आता टेबलाशी उभा होता, खिशात हात घालून.

"जाकीट काढ रे," गुणलेखक म्हणाला.

"काढतो की. आधी ताईंना हो तर म्हणू दे."

पंचबाई खांबाजवळ वाकल्या. "फार दुखतंय का रे?"

"पायच टेकवत नाही, ताई."

"अरेरे!" म्हणत त्यांनी हातातला चेंडू एकदम त्याच्या डोक्यावरून उंच उडवला. "धर, धर!"

सवयीचा गुलाम बिचारा! टुणकन उडी मारून त्याने चेंडू झेलला आणि दोन्ही पायांवर ठणठणीत उभा राहिला. अख्खा हॉल खो-खो हसला.

"बदलीबिदली काही नाही. चल रेषेवर."

"अन्याय आहे हा!" कोचने कपाळ बडवलं. "जीव घेताय का पोराचा?"

"आणखी एक शब्द बोललात, तर तुम्ही बाहेर!"

खांब लाजेने लालबुंद झाला होता. पहिला चेंडू कडीवर नाचला, नाचला आणि पडला आत. बरोबरी! दुसरा तर सरळ जाळीतच. उरलासुरला वेळ गेला, भोंगा वाजला आणि पोरांनी खांबाला खांद्यावर घेतलं.

निरीक्षकांनी वरून मान डोलावली. पंचबाईंना आभाळ ठेंगणं झालं. समोरून कोच आला, तेव्हा त्यांना राहवेना.

"काय कोचसाहेब, आज मात्रा चालली नाही ना?"

"छे हो, तुमच्यापुढे कुणाची चालते?" त्याचा घसा पार बसला होता, पण हसू काही दबत नव्हतं. "ये रे नेमबाज, ताईंचे आभार मान. खांबाला तुझं ठाऊक नव्हतं, त्यांनी नाही म्हटलं म्हणून वाचलो."

नेमबाजाने डाव्या हाताने जाकिटाची चेन उघडली. उजवी बाही नुसतीच खिशात खोचलेली होती. हात होता गळ्यातल्या झोळीत, कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, आणि ते प्लास्टर अजून ओलंच होतं.