चौथं टोक

लाल पट्टी हिरव्या पट्टीवरून आडवी गेली आणि पडद्यावर आणखी एक ट्रान्झिस्टर तयार झाला.

"आता काय दिसतं?" सासूबाईंनी मागच्या खुर्चीतून विचारलं.

"लाल हिरव्यावर बसली, आई. वरून निळी तार येतेय. पिवळ्या चौकटीने सगळ्यांना पोटात घेतलंय."

सासूबाई मिटल्या डोळ्यांनी हसल्या. गोष्ट ऐकणारं मूल हसतं तशा.

चिप आखायला शिकवणाऱ्या या वर्गात दोघी रोज दुपारी बरोबर येत. हजेरीत आडनाव पुकारलं की सून "हजर" म्हणे, सासूबाईंना मागे नीट बसवी आणि माउस हातात घेई. सासूबाईंची बोटं मांडीवर फिरत राहत, ओठ हलत. त्यांचा जप चालतो, असं वर्गाने ठरवूनच टाकलं होतं. सूनही अशी, की प्रत्येक क्लिकआधी मागे कान करी. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने एकदा विचारलंच, पाणी प्यायलाही परवानगी लागते का गं? सून म्हणाली, आमच्याकडे त्यांचंच चालतं बाई.

खोली थंड होती, पडदे ओढलेले. यंत्रांची घरघर एका सुरात चाले. त्या मंद उजेडात रंगांच्या पट्ट्या पाण्याखालच्या शेवाळासारख्या डुलतात असं वाटे, आणि वेळ कुठे जाई ते कळत नसे.

आज मात्र जीव टांगणीला लागला होता. वर्गातल्या पास झालेल्या आखण्या एकाच चिपवर बसवून संध्याकाळी कारखान्याकडे जायच्या होत्या. ज्याची आखणी पास, त्याच्या नावाची दोन अक्षरं चिपच्या कोपऱ्यात धातूत उमटणार, केसाहून बारीक. पुढची चिप कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या घरातली दोन अक्षरं तिथे गेली पाहिजेत, असं सासूबाई सकाळी म्हणाल्या होत्या. मग त्यांना घास गेला नव्हता.

सिम्युलेशन, म्हणजे सर्किटची संगणकावरची लुटुपुटीची चाचणी, कालच सुरेख आलं होतं. प्रवाह भराभर चढला आणि माथ्यावर जाऊन सपाट झाला. सुनेने तो आलेख कौतुकाने सासूबाईंच्या तळहातावर बोटाने काढला होता. पण आज आखणी तपासायला दिली की एकच ओळ येई: आखणी आणि सर्किट जुळत नाहीत.

बाहेरून आलेले परीक्षक दोन टेबलं अलीकडे पोचले.

सून मागे वळली. "आई, आता तुम्हीच काहीतरी करा."

"घाई करू नकोस. पहिल्यापासून सांग."

सून हळू आवाजात ट्रान्झिस्टरचं एकेक टोक सांगू लागली. गेट जोडलंय. सोर्स जोडलंय. ड्रेनही जोडलंय. मांडीवरची बोटं फिरत होती. मग ती थांबली.

सुनेने मागे कान केला. सासूबाई काहीतरी पुटपुटल्या. आशीर्वाद देत असाव्यात, असं शेजारच्या मुलीला वाटलं.

सुनेने पिवळ्या चौकटीत एक लहानशी खिडकी काढली, तिला वरच्या तारेशी बांधलं आणि तपासणी पुन्हा चालवली. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

परीक्षक मागे येऊन उभेच होते. ते वाकून बघत राहिले.

"वा. बॉडीचं हे चौथं टोक सगळे विसरतात," ते म्हणाले. "बिचारं काही करताना दिसत नाही ना, नुसतं बसून असतं. सिम्युलेशनमध्ये ते आपोआप जोडलं जातं, इथे आपल्यालाच जोडावं लागतं. तुमच्या कसं लक्षात आलं? आणि हो, कोपऱ्यात अक्षरं कुठली घालू?"

सून उठली. सासूबाईंचा हात धरून तिने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि त्यांची बोटं चाचपत कीबोर्डवर ठेवली.

"यांना विचारा, सर," ती म्हणाली. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. मला फक्त दिसतं."